थकलेल्यांचा विसावा: ख्रिस्ती विश्वास आणि थकवा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, उपासनेनंतर चपला शोधताना, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना आटोपून निघताना दारात उभं राहून लोक हे प्रश्न विचारतात. ठाणं असो, कळवा, ऐरोली, वाशी किंवा नेरुळ, सुरुवात बहुतेक वेळा एकच असते: "फार दमलोय हो." मी पाळक नाही, सिस्टरही नाही. आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी भेटीला जाणाऱ्या गटात काम करते. आमच्यात कॅथलिक आहेत आणि प्रोटेस्टंटही, त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडच्या रीती येतील. वचनांचा आशय बहुतेक ठिकाणी माझ्या शब्दांत दिला आहे. मूळ वचन आपापल्या बायबलात काढून जरूर वाचा.

प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. हे पाप आहे का?

नाही. गेथशेमाने बागेत येशूचे सगळ्यात जवळचे तीन शिष्य झोपून गेले होते, तेही त्याच्या सर्वांत कठीण रात्री. त्याला वाईट वाटलं, त्याने त्यांना उठवलंही. पण आत्मा उत्सुक आहे, देह मात्र अशक्त आहे, असं तोच म्हणाला. आपल्या देहाची मर्यादा त्याला ठाऊक आहे.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेसा १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिलाही प्रार्थनेच्या वेळी झोप आवरायची नाही. मूल जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच प्रिय असतं, असं तिने लिहून ठेवलं आहे. अंथरुणावर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणता म्हणता झोप लागली तर लागू द्या. एवढंच बघा, की दिवसभराचं सगळं उरकल्यावर रात्री साडेअकराची उरलीसुरली पाच मिनिटं हीच प्रार्थनेची एकमेव वेळ होऊ नये. ती सकाळी चहाच्या वेळी घ्या, थोडकी का असेना.

थकलेल्या माणसाला बायबल नेमकं काय सांगतं?

एकच उतारा वाचायची ताकद असेल, तर १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर केवढा मोठा विजय मिळवलेला. लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हा मोठा माणूस जीव घेऊन पळाला. बैरशेब्याला त्याने आपल्या चाकराला मागे ठेवलं, एकटाच रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. मग तिथेच झोपला.

आता देवाने काय केलं ते सावकाश वाचा. एलीयाला तो रागे भरला नाही. "कालपर्यंत एवढा विश्वास होता, आज काय झालं?" असं विचारलं नाही. दूत आला, त्याने त्याला हात लावून जागं केलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. एलीयाने खाल्लं, पाणी प्याला आणि पुन्हा आडवा झाला. ही दुसरी झोपही देवाने त्याला घेऊ दिली. दूत परत आला तेव्हा पुन्हा जेवणाचंच बोलला: ऊठ, खा, कारण ही वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे.

मला या अध्यायातलं हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे, हे देवालाच मान्य आहे. आपण मात्र घरच्यांना, साहेबांना आणि स्वतःलाही "काही नाही, जमतंय" असं सांगत राहतो.

त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत होरेब डोंगरावर पोचला. देवाशी त्याचं जे खोल बोलणं झालं ते तिथे, झोप आणि जेवण झाल्यानंतर. म्हणून कुणी रडत रडत सांगितलं की माझा विश्वास संपला, तर आम्ही आधी विचारतो, काल रात्री किती वाजता झोपलात? दुपारी काय खाल्लंत? या प्रश्नांनी लोक गोंधळतात, पण प्रश्न आध्यात्मिकच आहेत.

येशू स्वतः कधी थकला होता का?

हो. योहान ४ मध्ये तो प्रवासाने दमून याकोबाच्या विहिरीजवळ बसला आहे, भर दुपारी, आणि एका अनोळखी शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आहे. मार्क ४ मध्ये वादळ सुरू असताना तो नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला आहे. दिवसभर लोकांना शिकवून तो इतका दमला होता, की नावेत पाणी शिरेपर्यंत त्याला जाग आली नाही. आपण ज्याच्यापाशी जातो त्याला थकवा ऐकून माहीत नाही, त्याने तो भोगला आहे.

"खरा विश्वास असेल तर माणूस दमत नाही" असं आमच्या नात्यातले एक जण सांगतात. यशया ४० मधलं "धावतील तरी दमणार नाहीत" हे वचन दाखवतात.

त्याच अध्यायातली तिसावी ओवी त्यांना वाचायला सांगा. तरुणसुद्धा भागतात आणि थकतात, भरज्वानीतले ठेचा खातात, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. हे वचन बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना धीर द्यायला होतं. घरदार सुटून त्यांना वर्षानुवर्षं झाली होती. परमेश्वराची आशा धरून राहणाऱ्यांना नवी शक्ती मिळते, म्हणजे जुनी संपते हे त्यात आलंच. प्रेषित पौलानेही आपल्या देहात सलणारा काटा काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:९). पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणण्याची कुणाची छाती आहे का?

पहाटे डबे, मग लोकल, ऑफिस, परत लोकल, परत स्वयंपाक. यात प्रार्थना कधी करायची?

तासभर शांत बसून प्रार्थना झाली तरच ती खरी, हा समज आधी सोडा. स्तोत्रांमधली कितीतरी वाक्यं एका श्वासात म्हणता येतील एवढी आहेत. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." "देवा, मला साहाय्य करायला त्वरा कर." प्राचीन काळापासून ख्रिस्ती लोक म्हणत आलेली आणखी एक प्रार्थना आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये ती कितीतरी वेळा होते.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये आमच्या ओळखीच्या एक ताई दारापासून आत, दोन बाकांच्या मधल्या जागेत उभ्या असतात. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हाताच्या बोटात दहा बारीक उंचवट्यांची रोझरीची अंगठी. ऐरोली येईपर्यंत अंगठ्याने अंगठी फिरवत त्यांचं एक दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा एक फेरा, होतं. गर्दीत कुणाला कळतही नाही. रबाळ्याला बसायला जागा मिळाली तर त्या झोपतात, आणि त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नाही. प्रोटेस्टंट भगिनी हेच वचनाच्या चिठ्ठीने करतात: पाकिटात, पासच्या मागे, आठवड्याला एक वचन.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना मी ऑडिओ बायबल सुचवते. मराठीत मिळतं. एक अध्याय ऐका आणि बंद करा, उरलेला वेळ डोळे मिटून बसा.

मी रात्रपाळी करतो. रविवारी सकाळी डोळे उघडत नाहीत. मिस्सा चुकली की मन खातं.

कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, आणि बऱ्याच पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) रविवारी संध्याकाळीही मिस्सा असते. सकाळचीच हवी असं काही नाही. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा गंभीर कारणाने येता आलं नाही, तर चर्चची शिकवण ते पाप मानत नाही. ड्यूटीमुळे नेहमीच अडचण येत असेल तर फादरांशी मोकळेपणाने बोला. त्यांच्याकडे असं विचारणारे तुम्ही पहिले नसाल, ऐरोली आणि महापे भागात बरीच तरुण मंडळी पाळीत काम करतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत वेळेचा नियम तसा नाही, पण संगतीपासून तुटणं धोक्याचं. उपासना जमत नसेल तर आठवड्यातली एखादी घरगुती प्रार्थनासभा धरा.

बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला (मारियामातेच्या खास प्रार्थनेला) जायचा नेम होता. आता जाववत नाही.

नेम घरी करा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ही नोव्हेना १९४८ पासून चालू आहे, आणि तेव्हापासून कितीतरी म्हातारी माणसं बुधवारी घरच्या खुर्चीत बसूनच तिच्यात सामील झाली असतील. निरंतर साहाय्य करणारी माता तुमच्या गुडघ्यांची परीक्षा घेत नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते. हल्ली त्यांच्यावर चिडते, मग रडते. मी वाईट ख्रिस्ती आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका इतक्या आहेत, की याचं उत्तर मी सावकाश लिहिते.

कळव्याच्या एका घरात आम्ही जात होतो. एकच खोली, खिडकीशी लोखंडी पलंग, त्यावर हवेची गादी. तिचा पंप दिवसरात्र घुंर घुंर करायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची. सून म्हणाली, "दिवसा मी त्यांच्याशी बोलत बोलत वळवते. रात्री दोन वाजता बोलत नाही. नुसती ओढते." हे सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती, घडी घातलेल्या चादरी पुन्हा घडी घालत होती.

तिला आम्ही निर्गम १७ वाचून दाखवला. अमालेकी लोकांशी इस्राएलांची लढाई चालू असताना त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा होता. हात वर असले की इस्राएल वरचढ, खाली आले की अमालेक. आणि मोशेचे हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला "अजून जोर लावून प्रार्थना कर" असं सांगितलं नाही. त्यांनी एक धोंडा आणून त्याला बसायला दिला, आणि एकाने या बाजूने, दुसऱ्याने त्या बाजूने, सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. देवाने मोशेच्या हातांत चमत्काराने बळ भरलं असतं तर कुणाची ना नव्हती. तसं झालं नाही. दोन माणसं आली.

म्हणून तुमच्यासाठी बळ मागताना त्या दोन माणसांसाठीही मागा. आणि तोंडानेही मागा. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला त्याच क्षणी काम सांगा: शनिवारी चार ते सहा तुम्ही बसा, मी झोपते. नणंदेला सांगा, दिराला सांगा. कळव्याच्या सुनेने तसं केलं, तेव्हा आधी घरात थोडी कुरबुर झाली, मग शनिवार ठरला. चिडचिड संपली नाही, पण रात्री दोनची ती ओढाताण कमी झाली असं ती म्हणाली.

रागाबद्दल वाटणारं मनात कोंडू नका. कॅथलिक असाल तर कुमसार (फादरांपाशी पापांची कबुली) करा, नाहीतर विश्वासातल्या एखाद्या बहिणीला सांगा. सासूबाईंसाठी पॅरिशला कळवा, ख्रिस्तप्रसाद घरी आणून देण्याची सोय असते. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कारही (आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) मागा. तो फक्त शेवटच्या घटकेसाठी आहे ही जुनी समजूत अजून टिकून आहे. गंभीर आजार आणि म्हातारपणातल्या अशक्तपणातही तो घेता येतो.

मी चर्चच्या कामानेच थकलो आहे. क्वायर, युवक गट, सणाची तयारी... नाही म्हणता येत नाही.

मोशेचा सासरा इथ्रो तुमच्याच कामाचा माणूस आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच लोकांचे तंटे सोडवतो आहे हे पाहून इथ्रोने तोंडावर सांगितलं, तू करतोस ते ठीक नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम १८). मोशेने ऐकलं आणि कामं वाटून दिली. शिष्य सेवा करून परत आले, त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, तेव्हा येशूने पुढचं काम दिलं नाही. चला, एकांतात थोडा विसावा घ्या, असं तो म्हणाला (मार्क ६:३१).

माझं मत स्पष्ट आहे: एक काम ठेवा, बाकीची सोडा, आणि नाताळच्या तोंडावर न सोडता आत्ताच सांगा. जी मंडळी एका माणसाच्या थकण्यावर चालते, तिने ते काम काही दिवस बंद ठेवलेलं बरं.

सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी साठलेली कामं निघतात. विश्रांतीचा दिवस कसा पाळायचा?

पूर्ण दिवस जमत नसेल तर रविवारची दुपार राखा. त्या वेळेत धुणं नाही, ऑफिसचे मेसेज नाहीत. अनुवाद ५ मध्ये शब्बाथाची आज्ञा वाचाल तर दिसेल, की तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा असं तिथे लिहिलं आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींना रविवारी पगारी सुट्टी देता का? या आज्ञेतला तो भाग आपण सहसा वाचत नाही.

थकवा आहेच, पण देवही जवळ वाटत नाही. प्रार्थना छताला लागून परत येते.

स्तोत्र ८८ काढा. बहुतेक विलापांच्या शेवटी आशेची ओळ येते, याच्या शेवटी येत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर त्यांची पत्रं उजेडात आली, तेव्हा जगाला कळलं की कितीतरी वर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या काळातही कलकत्त्याच्या रस्त्यांवरून उचलून आणलेल्या माणसांच्या जखमा त्या धूत होत्या.

शब्द सुचत नसतील तर दुसऱ्यांचे शब्द घ्या: प्रभूची प्रार्थना, एखादं स्तोत्र, लहानपणी आजीने शिकवलेलं गीत. तेही होत नसेल तर नुसतं बसा. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत विनंती करतो, असं पौल सांगतो (रोम ८:२६).

हे आध्यात्मिक आहे की शरीराचं दुखणं, कसं ओळखायचं?

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, डी जीवनसत्त्व. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे चर्चमध्ये तुमच्या बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्या जणींना उपदेशाबरोबर लोहाच्या गोळ्याही हव्या असतील. जोरात घोरत असाल आणि आठ तास झोपूनही सकाळी अंग जड वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास राहिलं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप आणि भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. एलीयानेही मरण मागितलं होतं. त्या रानात देवाने त्याला एकटं ठेवलं नाही, तुम्हीही एकटे राहू नका.

मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं मला एका प्रार्थनासभेत सांगितलं गेलं.

असं सांगणाऱ्याचं ऐकून गोळ्या बंद करू नका. मनाच्या औषधांचा डोस डॉक्टरांना न विचारता अचानक सोडणं धोक्याचं असतं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला "प्रिय" म्हणतो (कलस्सै ४:१४). तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, तेव्हा पौलाने त्याला उपास सांगितला नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे अजून शिवीसारखं वापरतात, याचं मला फार दुःख होतं. तिथे जाऊन बरी झालेली माणसं आपल्याच शेजारी राहतात.

नुसतं शांत बसायचं असेल तर कुठे जाऊ?

ठाण्यात तलावपाळीजवळ पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. ऑफिसातून येताना मागच्या बाकावर दहा मिनिटं बसायला कुणाची परवानगी लागत नाही. जवळच सेंट जेम्स चर्च आहे, १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालेलं.

तिथे बसलात तर एक जुनी गोष्ट आठवा. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात आले होते. त्यांना खरं तर कोल्लमला जायचं होतं, समुद्राने त्यांना इथे आणून सोडलं. ठाण्यात तेव्हा पंधरा ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एका घराने या परक्या, प्रवासाने शिणलेल्या माणसांना ठेवून घेतलं. पुढे ते चौघे इथेच हुतात्मे झाले. त्यांचं हौतात्म्य सगळे सांगतात. मला मात्र दार उघडणारं ते घरही तितकंच महत्त्वाचं वाटतं. या गावातली आपली ओळख अशा पाहुणचारापासून आहे.

थकलेल्या माणसाकडे जाऊन मी काय बोलू?

कमी बोला. वचन पाठवण्याआधी जेवण पाठवा. पोळी-भाजी चालेल, आणि डबा परत मागू नका, कारण तो घासून परत करणं हेही त्या घरात एक काम असतं. "देव सगळं चांगल्यासाठीच करतो" हे त्या वेळी बोलू नका, ते खरं असलं तरी. बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस न बोलता त्याच्याजवळ बसले होते, तेवढं त्यांनी उत्तम केलं. नंतर तोंड उघडलं आणि बिघडवलं.

आमच्या घरी प्रार्थनेला कुणी येऊ शकेल का?

हो. आपल्या पॅरिशच्या ऑफिसात किंवा पाळकसाहेबांना कळवा, बहुतेक ठिकाणी भेटीला जाणारा गट असतोच. निरोप देताना इमारतीचं नाव, मजला, लिफ्ट चालू आहे का, आणि आजारी माणूस कोणत्या वेळी जागं असतं हे सांगा. कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा, म्हणजे आम्ही खुर्ची जवळ घेऊ. घर आवरून ठेवायची गरज नाही, नाश्ता करायचा नाही, चहाचं आधण ठेवायचं नाही. आम्ही पंधरा-वीस मिनिटं थांबतो. एक स्तोत्र, एक प्रार्थना, आणि हवं असेल तर तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. त्या वेळात सांभाळणाऱ्या माणसाला आतल्या खोलीत आडवं व्हायचं असेल, तर त्याने खुशाल जावं. आजाऱ्यापाशी आम्ही असतो.